गळ पुन्हा हातात घेताना: नाशिकच्या धरणांवर लूरने मासेमारी

लूर म्हणजे नकली आमिष लावून मासेमारी सुरू करू पाहणाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो: पहिल्या वर्षी एकच पाणी धरा, पाचच लूर ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॉड कुठला, दोरा कितीचा, रंग कोणता हे प्रश्न त्यानंतरचे. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं पाण्यावरच मिळतात.

ज्यांच्यासाठी हे लिहितोय अशी माणसं नाशकात भरपूर आहेत. लहानपणी गावच्या ओढ्यावर बांबूची काठी, तंगूस, ज्वारीच्या ताटाचा तरंगा आणि गांडूळ एवढ्या भांडवलावर त्यांनी दुपारच्या दुपारी काढल्या. पुढे शिक्षण आलं, सातपूर-अंबडच्या शिफ्टा आल्या, घराचे हप्ते आले आणि गळ सुटला. आता चाळिशीत पुन्हा ओढ लागते. गंगापूर, काश्यपी, मुकणे, दारणा, वालदेवी ही पाणी शहरापासून तास-दीड तासाच्या आत आहेत, त्यामुळे रविवारची सकाळ पुरते.

लहानपणी आपण आमिष टाकून बसायचो आणि मासा वासावर शोधत यायचा. लूरमध्ये मासा शोधायचं काम आपलं. लूरला वास नसतो, चव नसते. तो जिवंत वाटतो तो फक्त आपल्या हाताच्या हालचालीमुळे. म्हणून इथे बसून राहता येत नाही. चालावं लागतं, बघावं लागतं, विचार करावा लागतो. मोठ्या वयात परत येणाऱ्याला ही पद्धत फार मानवते असा माझा अनुभव आहे, कारण लहानपणी जी चिकाटी आणि निरीक्षण अंगात नसतं ते आता आलेलं असतं.

आधी विचारा, मग गळ टाका

आपल्याकडे धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं असलं तरी त्यातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज म्हणजे बोटुकली विकत आणून पाण्यात सोडते आणि त्यावर काही कुटुंबांची चूल पेटते. आपण हौशी माणसं. त्यांना न विचारता त्यांच्या पाण्यात गळ टाकणं मला चोरीसारखंच वाटतं.

ज्या धरणावर जायचं ठरवाल तिथल्या काठच्या गावात आधी एकदा नुसतं जाऊन या. जाळी सुकत टाकलेली दिसतील, ट्यूबवर बसून पाण्यात जाणारे मच्छीमार दिसतील. "मामा, गळ टाकला तर चालंल का? संस्थेचं कोण बघतं?" एवढं विचारलं की पुढचं आपोआप कळतं. कुठे पावती फाडावी लागते, कुठे अमुक बाजूला जाळी असतात तिकडे जाऊ नका म्हणतात, कुठे साफ नाही म्हणतात. नाही म्हटलं तर दुसरं धरण बघायचं. या मामांशी जुळलेली ओळख पुढे कुठल्याही महागड्या रॉडपेक्षा जास्त कामाला येते. पाणी कधी चढलं, मरळ कुठे वर येते, कुठल्या खाडीत झाडं बुडालेली आहेत, हे त्यांना तोंडपाठ असतं.

काही जागा मात्र विचारायच्याही नाहीत. धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे आणि फलक लावून बंद केलेला भाग वर्ज्य. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत 2020 साली जाहीर झालेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथे दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये. रामकुंड आणि परिसरातले घाट श्रद्धेचे आहेत, तिथेही नको. तपोवनाच्या खालच्या पट्ट्यात गोदावरीत शहराचं सांडपाणी मिसळतं. तिथला मासा मी खाणार नाही आणि कुणाला खायला सांगणारही नाही.

लूर कोण घेतं

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी लूर घेऊन जाऊ नका. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पती. ते कणकेच्या गोळ्याचे गिऱ्हाईक. लूरवर धावतात ते शिकारी मासे.

त्यात पहिली मरळ. मरळीला कल्ले असूनही हवेतून श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे ती थोड्या थोड्या वेळाने वर येते आणि पाण्यावर एक गिरकी उमटते. गळवाल्यासाठी ही गिरकी म्हणजे पत्ता. गवत, पाणवेली, बुडालेली बाभूळ, दगडांच्या खाचा अशा आडोशाला ती दबा धरून असते आणि बेडूक, उंदराचं पिल्लू, लहान मासा, जे डोक्यावरून जाईल त्यावर झडप घालते.

दुसरी चिलापी. मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली गेली आणि आता जवळपास सगळीकडे आहे. नर उथळ पाण्यात तळाशी खड्डा करून घरटं बनवतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर धावून जातो. नवशिक्याने सुरुवात चिलापीपासून करावी. मासा लहान असतो पण वारंवार लागतो, आणि वारंवार लागल्याशिवाय हाताला सवय होत नाही.

तिसरा शिंगाळा. मिशावाला, तळ धरून राहणारा, संध्याकाळी आणि गढुळलेल्या पाण्यात जास्त हिंडणारा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा हातात घुसला तर दिवसभर ठणकतो, म्हणून पक्कड जवळ हवी. महाशीर कुठे लागलाच तर त्याला पाण्यातच सोडवून जाऊ द्या. आपल्या नद्यांत तो फार थोडा उरला आहे.

मे महिन्यात धरण बघून या

हा सल्ला मला या लेखात सगळ्यात मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात आवर्तनं सुटून धरण खाली गेलं की एरवी पाण्याखाली असणारी जमीन उघडी पडते. त्या वेळी रॉड घरी ठेवा आणि काठाकाठाने दोन-तीन तास चाला. जुने शेतबांध, पडक्या घरांची जोती, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं, ओढ्याचं जुनं पात्र, मुरूम संपून चिखल सुरू होतो ती रेघ, सगळं दिसतं. मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक फोटोत काठावरची एखादी न हलणारी खूण येऊ द्या: विजेचा खांब, मंदिराचा कळस, मोठा वड. मोबाईलच्या नकाशावर खूण टाकून ठेवा.

ऑक्टोबरात तेच धरण भरलेलं असतं. बाकीच्यांना तिथे सपाट निळं पाणी दिसतं. तुम्हाला माहीत असतं की वडाच्या रेषेत वीस पावलांवर बांध आहे आणि बांधाच्या पलीकडे एकदम खोल आहे. शिकारी मासा सपाट तळावर क्वचित उभा राहतो. त्याला कड लागते, म्हणजे उथळ आणि खोल यांची, ऊन आणि सावलीची, वाहत्या आणि थांबलेल्या पाण्याची. त्या कडेवर बसून तो समोरून जाणाऱ्या बारीक मासळीची वाट बघतो.

ही चाल एकट्याने करू नका आणि ओल्या गाळावर पाय ठेवू नका. वरून कोरडा दिसणारा गाळ खाली मांडीपर्यंत मऊ असतो. बुडीत विहिरींपासूनही लांब राहा.

भरलेल्या पाण्यातही काही खुणा दिसतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे बारीक जीव आणि त्यामागे बारीक मासळी गोळा होते, त्यामुळे वाऱ्याचा काठ फेकायला त्रासाचा असला तरी तोच निवडावा. ओढा येऊन मिळतो ते तोंड कायम बघावं. चंदेरी मासळी एकदम पाण्याबाहेर उडाली तर खाली कुणीतरी मागे लागलेलं आहे. आणि पोलराइज्ड चष्मा घ्या. पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि फूटभर खालचे दगड, गवत, कधी कधी मासाही दिसतो. रॉडच्या आधी मी चष्मा घ्यायला सांगेन.

साहित्य

थोडक्यात सांगतो, कारण दुकानदार यावर तासभर बोलेल. 7 फुटांचा, मीडियम ताकदीचा, साधारण 7 ते 21 ग्रॅम लूर फेकणारा स्पिनिंग रॉड. 2500 किंवा 3000 आकाराचं रील. त्यावर 20 पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, ब्रेडेड (विणलेला) दोरा. टोकाला दीड-दोन फूट 25 ते 30 पौंडांचा मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे ब्रेड आणि लूर यांच्यामधला तुकडा, कारण ब्रेड खडकावर घासला की पटकन तुटतो आणि आपल्याकडे काठ म्हणजे काळा खडकच. फक्त मरळीच्याच मागे, गच्च गवतात जाणार असाल तर रॉड मीडियम-हेवी आणि दोरा 30 ते 40 पौंड. लांब नाकाची पक्कड, लहान कात्री, रुंद काठाची टोपी.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ताणाला दोरा सुटावा ते ठरवणारा ब्रेक, अंदाजाने आवळू नका. घरात बॅगा तोलायचा जो हुकाचा वजनकाटा असतो तो दोऱ्याला बांधा, रॉड थोडा उचलून ओढा आणि 2 ते अडीच किलोवर दोरा सुटायला लागेल असा ड्रॅग लावा. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो. ड्रॅग त्याच्या साधारण पाव हिश्श्यावर असला की मासा उसळला तरी दोरा आणि गाठ दोन्ही टिकतात.

लूर बांधायला गाठ एकच शिका, पालोमर. दोरा दुहेरी करून लूरच्या कडीतून ओवा. त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, लूर खाली लोंबता राहील. टोकाला जो फास उरला आहे त्यातून अख्खा लूर बाहेर काढा. थुंकीने ओलं करून हळूहळू आवळा. कोरडी आवळली तर दोरा घर्षणाने तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. ब्रेड आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ पुरते. ती घरी, पंख्याखाली, पन्नासेक वेळा मारून बघा. काठावर वाऱ्यात शिकायला जाऊ नका.

पाच लूर आणि त्यांच्यामागची गोष्ट

फिनलंडमधल्या लाउरी रापाला या मच्छीमाराच्या लक्षात आलं होतं की मोठा मासा बारीक मासळीच्या थव्यात शिरतो तेव्हा जो मासा किंचित लंगडत, वेडावाकडा पोहतो आहे नेमका त्यालाच उचलतो. 1936 साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला. तो लूर थोडा डुगडुगत पोहायचा. सगळी लूरविद्या त्या डुगडुगण्यात आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी पार्श्वरेषा असते ती पाण्यातली कंपनं टिपते, म्हणून गढूळ पाण्यातही त्याला लूर आधी जाणवतो आणि मग दिसतो. विकत घेताना लूर कसा दिसतो यापेक्षा कसा हलतो ते विचारा.

पहिला लूर फिरकी, म्हणजे इनलाइन स्पिनर, 3 ते 6 ग्रॅमचा. सरळ गुंडाळत आणला तरी पातं फिरतं आणि काम होतं. चिलापीसाठी हाच. दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून पुढे भोवरकडी लावा. दुसरा चमचा, 7 ते 14 ग्रॅम. लांब जातो, खोल जातो, वाऱ्यात फेकता येतो. तिसरा जिभेचा तरंगता मिनो, म्हणजे तोंडाशी जिभेसारखी पट्टी असलेला माशाच्या आकाराचा लूर, 6 ते 8 सेंटीमीटर. थांबलं की वर येतो, ओढलं की जिभेमुळे खाली जातो, त्यामुळे दगडावर अडकायला लागला की नुसतं थांबायचं. चौथा रबरी मासा, 5 ते 10 ग्रॅमच्या जिगवर (वजनदार डोक्याच्या गळावर), तळासाठी आणि शिंगाळ्यासाठी. पाचवा पोकळ बेडूक, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात आणि गवतात अडकत नाहीत. हा फक्त मरळीचा.

बेडकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मरळ सुटते ती इथेच. बेडूक गवताच्या किंवा पाणवेलीच्या पलीकडे फेका, पानांवरून टुणटुण ओढत उघड्या पाण्याच्या कडेला आणा आणि तिथे थांबवा. पाण्यावर उमटलेली वलयं विरू द्या. बहुतेक झडपा या थांब्यातच येतात. झडप आली की भडका उडतो, आवाज होतो आणि हात आपोआप मागे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. रॉडचं टोक खाली, माशाच्या दिशेला न्या, दोऱ्यातली ढील गुंडाळा आणि वजन हाताला लागलं की मगच जोरात वर उचला. मरळ बेडूक आधी जबड्यात दाबते आणि मग आत घेते. मध्ये एक-दीड सेकंद जातो. तो तिला द्या. त्यानंतर मात्र दयामाया नको, डोकं वर ठेवून सलग गुंडाळा, नाहीतर ती गवतात शिरून दोऱ्याला वेढे घालते.

भांडीबाजारातला चमचा

लूरच्या प्रयोगांची खरी मजा स्वतः बनवण्यात आहे आणि नाशिककराला ते सोपं आहे. तांब्या-पितळेचं हे गाव. भांडीबाजारात जाऊन जाड पत्र्याचे दोन एकसारखे पितळी चमचे घ्या, चहाच्या चमच्यापेक्षा थोडे मोठे. दांडी करवतीने कापा, कापलेली कड कानशीने आणि मग पॉलिशपेपरने बोट फिरवलं तरी लागणार नाही इतकी गुळगुळीत करा. दोन्ही टोकांपासून 3 ते 4 मिलिमीटर आत ड्रिलने एकेक भोक पाडा. घरी ड्रिल नसेल तर कुठल्याही वर्कशॉपमधला मित्र दोन मिनिटांत करून देईल. भोकांच्या आतल्या कडाही घासा. निमुळत्या टोकाला स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कड्यासारखी बारीक कडी) आणि भोवरकडी, रुंद टोकाला स्प्लिट रिंग आणि एकेरी गळ. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा.

आता प्रयोग. एक चमचा जसा आहे तसाच ठेवा. दुसरा लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने शेपटीकडे थोडा जास्त वाकवा. घराच्या हौदात किंवा काठाजवळच्या नितळ पाण्यात दोन्ही आळीपाळीने ओढून बघा. जास्त वाकलेला चमचा कमी वेगातही रुंद डुलतो. चपटा चमचा हळू ओढला तर मेल्यासारखा येतो, पण वेग दिला की झपझप थरथरतो आणि खोलही लवकर जातो. फार वेगाने ओढल्यावर डुलण्याऐवजी गरगर फिरायला लागला तर त्याची मर्यादा कळली. म्हणजे हिवाळ्यात, मासा सुस्त असताना कुठला न्यायचा आणि मार्चात कुठला, याचं उत्तर हौदातच मिळालं. पुढे एकाची पाठ नखपॉलिशने काळी करा, दुसरा चिंच-मिठाने चकचकीत ठेवा. हातोडीच्या टोकाने खवल्यांसारखे ठोके पाडून बघा. पण हे सगळं एकाच चमच्यावर एकदम करू नका, नाहीतर मासा कशामुळे आला ते कधीच कळणार नाही.

एका वेळी एकच बदल

काठावर मासा लागत नाही तेव्हा नवशिका पहिल्यांदा रंग बदलतो. पेटी उघडली की रंगच डोळ्यांत भरतात म्हणून. माझ्या मते रंग सगळ्यात शेवटी यावा. आधी जागा, मग खोली, मग वेग, मग आकार आणि मग रंग. कारण साधं आहे: लूर माशासमोरून गेलाच नाही तर त्याच्या रंगाला काही अर्थ नाही.

खोली मोजायची पद्धत अशी. चमचा फेका, दोरा थोडा ताणून ठेवा आणि मनात एक, दोन, तीन मोजा. दोरा सैल पडला की चमचा तळाला टेकला. समजा बाराला टेकला. मग पुढच्या फेकी तीनला गुंडाळायला सुरू करा, मग सहाला, मग दहाला. प्रत्येक थराला चार-पाच फेकी, जरा जरा दिशा बदलून. कुठल्या आकड्यावर टोचणी आली ते लक्षात ठेवा आणि तोच आकडा धरून काठाने पुढे सरका.

वेगाचे तीन प्रकार पुरतात: हळू सलग, मध्यम सलग आणि ओढ-थांब. मासा लूरमागे काठापर्यंत येतो आणि वळून जातो, असं दिसलं तर समजा की जागा आणि खोली बरोबर आहे, फक्त खात्री पटवायची राहिली आहे. तिथे लूर लहान करा किंवा मध्येच एक झटका देऊन थांबा.

रंगाचं गणित उजेडाशी आहे. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, त्यामुळे खोलात लाल लूर काळपट दिसतो. नितळ पाणी आणि ऊन असेल तर चंदेरी, पितळी. हिरवट गढूळ पाण्यात पिवळा-पोपटी. झुंजुमुंजूला आणि दिवेलागणीला काळा, कारण मासा खालून वर बघतो तेव्हा उजळ आभाळावर काळी आकृती ठळक उठते. मरळीसाठी संध्याकाळी काळा बेडूक म्हणूनच चालतो.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग, पाणी चढतंय की उतरतंय, कुठला लूर, कितव्या आकड्यावर, मासा लागला, मागे आला की काहीच नाही. धरणांच्या साठ्याची टक्केवारी नाशिकच्या वर्तमानपत्रांत येत असते, तीही उतरवून घ्या. पाणी हळूहळू चढत असताना नव्याने बुडालेल्या गवतात मासा काठाला येतो. वेगाने उतरताना तो खोल कडेला सरकतो. हा फरक एक-दोन हंगामांच्या नोंदींत स्पष्ट दिसायला लागतो. काहीच लागलं नाही त्या दिवसाचीही नोंद करा, ती तितकीच कामाची असते.

वर्षाचा फेरा

मार्च ते मे मरळीचे दिवस. पाणी तापलेलं, पातळी उतरलेली, मासा ठरावीक खड्ड्यांत गोळा झालेला. पहाट आणि संध्याकाळ धरा. दुपारी तुम्हालाच ऊन लागेल.

पावसाळ्यात मी गळ बाहेर काढत नाही. पहिल्या पुराचं पाणी लालभडक गढूळ असतं, लूर वीतभरावर दिसत नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे हा विणीचा काळ. मरळीची जोडी पिल्लांवर पहारा देते. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा घोळका बुडबुडताना दिसला तर खाली आईबाप असतात आणि त्या वेळी ते कुठल्याही लूरवर तुटून पडतात. तिथे लूर टाकून मासा काढणं अगदी सोपं आहे, म्हणूनच टाकू नका. आईबाप गेले की तो घोळका बाकीच्या माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा माझा आवडता काळ. पाणी नितळतं, बारीक मासळी मुबलक असते, मे महिन्यातले फोटो आता कामी येतात. पण नदीपात्रात असाल तर सावध राहा. तुटीच्या वर्षी गंगापूर आणि दारणा समूहातून जायकवाडीसाठी पाणी सुटतं ते साधारण याच दिवसांत, आणि तेव्हा आभाळ कोरडं असताना नदी चढते. विसर्गाची बातमी वाचूनच नदीवर जा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा घसरतो, तसं पाणीही गारठतं. मरळ सुस्त होते. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. अकरा ते तीन, उन्हाचा उथळ काठ, लहान लूर आणि जमेल तितका हळू वेग.

मासा हातात आल्यावर

खायला हवा तेवढाच ठेवा. चिलापी खुशाल ठेवा, तिची संख्या कमी होणार नाही. बोटभर जाडीची मरळ परत सोडा. सोडायचा मासा कोरड्या हाताने किंवा तापलेल्या खडकावर ठेवू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला बुरशी धरते. हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ उलटा फिरवून काढा. फोटो हवाच असेल तर सोबत्याला आधी मोबाईल तयार ठेवायला सांगा. मिनोवरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सुटण्याचं प्रमाण थोडं वाढतं, पण काढणं सोपं होतं आणि तोच गळ आपल्या बोटात शिरला तर तोही सहज निघतो. उलट्या काट्याचा गळ खोल रुतला, किंवा डोळ्याच्या आसपास लागला, तर काठावर ओढाताण न करता दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

लूर तळाला अडकला तर रॉडने ओढू नका. ढील द्या, टोक हलवा, काठाने चालत पलीकडच्या बाजूला जाऊन उलट दिशेने खेचा. नाहीच निघाला तर ब्रेड एखाद्या काठीला गुंडाळून तोडा. हाताला गुंडाळला तर तो सुरीसारखा कापतो. लूर सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. शेवाळलेला कातळ, एकदम सुटणारी खोली आणि बुडालेली काटेरी झाडं यांच्यासमोर पोहणं कामी येत नाही. गवतातून चालताना काठी आपटत जा, घोणस तिथेच असते. तुटलेल्या दोऱ्याचा तुकडानतुकडा खिशात घालून घरी आणा. बगळ्याच्या पायात अडकलेला दोरा एकदा पाहिला की हे सांगावं लागत नाही.

पहिली सकाळ

आदल्या दिवशी संस्थेच्या माणसाला फोन करा. गाठी रात्रीच मारून ठेवा. सोबत एक जण, दोन बाटल्या पाणी, पोळी-भाजी. उजाडायच्या आत काठावर पोहोचा आणि पहिली दहा मिनिटं फक्त बघा: गिरकी कुठे उठते, वारा कुठून येतो, बारीक मासळी कुठे हलते. मग 4 ग्रॅमची फिरकी लावा आणि काठाला समांतर फेका, सरळ मध्यावर नको. नवशिका लांब फेकायच्या नादात मध्ये फेकतो, पण सकाळी मासा काठापासून दहा-पंधरा फुटांत असतो. एका जागेवर दहा-बारा फेकी, काही नाही तर वीस पावलं पुढे. ऊन चढलं की चमचा लावा आणि आकडे मोजत खोली शोधा. नऊ-साडेनऊला थांबा, सावलीत बसून वही भरा. जाताना मामांना भेटून काय लागलं, कुठे लागलं ते खरं खरं सांगा, आणि पुढच्या रविवारी जाळी कुठे असतील ते विचारून घ्या.